सात नंबरचं बीट

माझ्या पायाचं सगळ्यात आधी कळलं ते कुत्र्यांना. टेकडीवरची अर्धी कुत्री मला पिल्लं असल्यापासून ओळखत होती. मी अंगणात शिरले की शेपूट हलवायची, दुसरी काही भानगड नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तीच माझ्यावर भुंकायला लागली. उजवा पाय नीट उचलला न जाता थोडा घासत यायचा, आणि ती चाल त्यांना परक्या माणसाची वाटत असणार. सालोबाईंचा म्हातारा, अर्धा आंधळा कुत्रा तर चावायलाच धावला. मी त्याला चार शिव्या घातल्या, आणि पुढच्या वळणावर जाऊन रडले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं आवरण आपलंच शरीर कुरतडतं म्हणाले. वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं खावं तसं. औषधानं आजार दमानं घेतो, जात नाही.

"काम काय करता?"

"टपाल वाटते."

"गाडीतून?"

"पायी. टेकडीवर."

त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर टेकडी नव्हती, पार्किंग होतं.

आमचं गाव सुपीरियर सरोवराच्या काठावरून सुरू होतं आणि थेट वर चढत जातं. रस्ते बरे म्हणावेत अशा पायऱ्या. सहा महिने बर्फ. मी त्या टेकडीवर तीन नंबरचं बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, सांभाळत होते, ऐन तारुण्यापासून. मला ते आवडायचंही. आता मात्र प्रत्येक घर म्हणजे चढायच्या पायऱ्या आणि उतरायच्या पायऱ्या, एवढंच उरलं होतं. पूर्ण पेन्शनीला अजून सात हिवाळे बाकी होते, आणि घरात पक्का पगार माझा एकटीचा.

मी फक्त गॉर्डनला सांगितलं. गॉर्डन माझा नवरा. होड्या दुरुस्त करतो, आणि दिवसाला मोजकी वाक्यं बोलतो. त्या दिवशीची त्यानं माझ्यावर खर्च केली.

"पोस्टात सांग, मर्ना."

"सांगून काय होणार? माझ्यासाठी टेकडी सपाट करणार आहेत का?"

"तरी सांग," म्हणाला, आणि शेडमध्ये निघून गेला.

मी सांगितलं नाही. आमच्याकडे सांगत नाहीत. आमच्या सगळ्यांचे पणजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले. तांबं संपलं, गप्प बसायची सवय तेवढी राहिली. बर्फानं एखाद्याचं छप्पर वाकलं, तर शेजारी फावडं घेऊन येतो, छप्पर मोकळं करतो आणि 'थंडी आहे' एवढं म्हणून परत जातो. दुखणं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं, आणि आपलं सांगणं म्हणजे तर दार सताड उघडं टाकून आंघोळ करणं.

म्हणून मी युक्त्या केल्या. बुटाच्या नाडीपासून घोट्यापर्यंत रबरी पट्टा ओढून बांधला, म्हणजे चवडा खाली लोंबायचा नाही. लघवी धरवत नव्हती, तर बीटवरची कुठली दोन चर्च दिवसभर उघडी असतात ते पाहून ठेवलं. शेवटी शेवटी इतकी देवभक्त झाले होते की लुथरन पाद्री मला बघून हात करायचा. उन्हाळ्यात उकाड्यानं पायातला जीव जायचा, तेव्हा ओट्यावर बसून पत्रं लावत असल्याचं सोंग करायचे. मला वाटायचं, कुणाला काही कळलेलं नाही.

पण सौनानं घात केला. दर शनिवारी आम्ही आर्ने आणि रूथकडे सौनाला जायचो. आर्ने कोस्की पोस्टात माझ्या शेजारच्या खणांपुढे उभा राहून टपाल लावायचा. मी आणि तो एकाच उन्हाळ्यात नोकरीला लागलो, मी तीन आठवडे आधी. त्या तीन आठवड्यांवरून तो मला आयुष्यभर 'थोरले' म्हणत आला. रूथ त्याची बायको. त्यांच्या अंगणातल्या लाकडी खोलीत आम्ही तापल्या दगडांवर पाणी ओतायचो, घाम गाळायचो, मग कॉफी आणि निसू, म्हणजे आमचा वेलचीचा पाव. या आजाराला उष्णता मानवत नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सौना म्हणजे उष्णता हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सौना म्हणजे शनिवार.

त्या शनिवारी बाकावरून उठले आणि दोन्ही पाय खालून गेले. रूथनं काखेत हात घालून मला उचललं, बाहेर आणून बसवलं, पायांवर गार पाणी ओतलं. माझ्याकडे एकदा बघितलं.

"कॉफी टाकते," म्हणाली.

बस, एवढंच. त्यानंतर मी जायची बंद झाले. कधी सर्दी, कधी गॉर्डनची पाठ, कधी बहिणीचा फोन. आमच्याकडे माणूस चर्च सोडेल, नवरा सोडेल, पण सौना सोडणार नाही. मी तो सोडला, त्याच आठवड्यात सगळ्या पोस्टाला कळलं असणार. आणि सगळे मूग गिळून बसले. मी पाय लपवत होते, आणि ते आपल्याला दिसतंय हे लपवत होते.

अशात वाइनो निवृत्त व्हायचा ठरला. वाइनोकडे सात नंबरचं बीट होतं. सरोवराच्या कडेकडेनं जाणारा सपाट रस्ता, आणि सगळ्या घरांच्या टपालपेट्या रस्त्यालगत खांबांवर. गाडीत बसायचं, हात बाहेर काढायचा, पेटीत टपाल टाकायचं, पुढच्या पेटीशी जायचं. एकही पायरी नाही. हीटर चालू. माझं घरही त्याच रस्त्यावर आहे. वाइनो वर्षानुवर्षं माझ्या पेटीत टपाल टाकून जायचा आणि मला त्याचा एकदाही हेवा वाटला नव्हता. आता मी रात्री पडल्या पडल्या त्या रस्त्यावरून गाडी चालवायला लागले.

आमच्याकडे बीट रिकामं झालं की फळ्यावर सूचना लागते आणि ज्याला हवं त्यानं बोली लावायची. बोली पैशाची नसते, वर्षांची असते. चिठ्ठीवर नाव लिहून कुलूपबंद पेटीत टाकायचं. मुदत संपली की आमची पोस्टमास्तर ब्रेंडा पेटी उघडते, आणि चिठ्ठ्यांमध्ये ज्याची नोकरी सर्वांत जुनी त्याला बीट मिळतं. एकही चिठ्ठी नसेल, तर ज्याला स्वतःचं बीट नाही अशा सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. असं मी कधी बघितलं नव्हतं. सात नंबरसाठी चिठ्ठी येणार नाही, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

वाइनोनंतर सर्वांत जुनी मी. माझ्या मागोमाग आर्ने. म्हणजे मी चिठ्ठी टाकली की बीट माझं, ब्रह्मदेव आला तरी.

आणि तीच तर अडचण होती. आर्नेचा खुबा कधीपासून झिजलेला. तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता, "वाइनो उठला की मी बसणार. गाडीत उशी ठेवणार, रेडिओ लावणार, आणि थोरले, तुला टेकडीवर बघून हॉर्न वाजवणार." आणि मी दर वेळी म्हणायचे, "बस बाबा तू. मला चालायला आवडतं." गमतीत म्हटलेलं, पण इतक्यांदा म्हटलेलं की ते दिलेल्या शब्दासारखं झालं होतं. आता त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, तर निदान का ते सांगायला हवं होतं. आणि सांगायचं म्हणजे... तेच ते.

सूचना लागली त्या दिवसापासून आर्ने गप्प झाला. हॉर्नची थट्टा बंद, उशीची बंद. मी काय समजायचं ते समजले. बिचारा घाबरलाय, थोरली आडवी येते की काय म्हणून. मला त्याचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि रोज सकाळी पट्टा आवळताना मी त्या पेटीकडे बघायचे. चिठ्ठी खिशात होती. नाव लिहून तयार.

मुदतीच्या आदल्या दिवशी कॉफी पिताना आर्नेनं विचारलं, "थोरले, चालायला अजून आवडतं का गं तुला?"

तो कपात बघून बोलत होता. मला वाटलं, आठवण करून देतोय. दिलेला शब्द पाळणार ना, असं विचारतोय.

"आवडतं की," मी म्हटलं. "न आवडायला काय झालं?"

"नाही, म्हटलं, यंदा बर्फ फार आहे."

"बर्फ काय दरवर्षीच फार असतो."

"हो, तेही खरंच," तो म्हणाला, आणि कप धुवायला उठला. त्याचा खुबा कटकन वाजला, तो मला ऐकू आला. संध्याकाळी घरी आल्यावर मी चिठ्ठी चुलीत टाकली. गॉर्डननं बघितलं. त्याची त्या दिवशीची वाक्यं बहुतेक संपली होती.

दुसऱ्या दिवशी ब्रेंडानं पेटी उघडली आणि उलटी करून हलवली. रिकामी. तिला वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय.

"अरे, चिठ्ठ्या कुठायत?"

बाकीच्या टपालवाल्यांत पॅटी आपल्या खणांत तोंड खुपसून उभी, डग बुटाच्या नाड्या बांधतोय, त्या बांधलेल्याच होत्या. मी आर्नेकडे बघितलं. आर्ने माझ्याकडे बघत होता.

"तू टाकली नाहीस?" मी विचारलं.

"तू नाही टाकलीस?"

"मी कशाला टाकू? तुला हवं होतं ना ते!"

"मला?" आर्नेचा चेहरा पांढरा पडला. "अगं, तू शनिवारी यायची बंद झालीस, रूथनं मला सांगितलं तुझे पाय... आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं नव्हतं, पण... डग, तू बोल ना!"

डग म्हणाला, "मला वाटलं हे मर्नाचंच आहे."

पॅटी रडायलाच लागली. "सगळ्यांना तेच वाटलं. कुणीच नाही टाकली."

"मग मला सांगायचं नाही का कुणी!" मी ओरडले. इतक्या वर्षांत मी त्या ऑफिसात पहिल्यांदा ओरडले असेन.

"तुला कसं सांगणार?" आर्ने म्हणाला. "तू सांगितलंस का?"



आर्ने लंगडत ब्रेंडाच्या टेबलाशी गेला आणि त्यानं टेबलावर हात आपटला. आत्ताच्या आत्ता चिठ्ठी टाकतो म्हणाला, मर्नाच्या नावाची. ब्रेंडा वाईट बाई नव्हती. तिनं वरच्या ऑफिसला फोन केला, युनियनला केला, पुन्हा वरच्या ऑफिसला केला. शेवटी फोन खाली ठेवून म्हणाली, "मुदत संपली रे. आता सात नंबर शेल्बीचं. पुढचं एखादं बीट रिकामं होऊन तिनं तिकडे बोली लावेपर्यंत तिचंच. मी तिला दिलं नाही, तर ती तक्रार करू शकते, आणि जिंकेल."

शेल्बी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी. दणकट पोरगी, स्कीच्या शर्यतींत पळणारी, एकेका उडीत तीन तीन पायऱ्या चढणारी. तिला सात नंबर नकोच होतं. "मी तिथे बसून बसून लठ्ठ होईन," ती रडवेली होऊन म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली. वरच्या ऑफिसातले आम्हाला अदलाबदल करू देईनात. मी हलकं काम मागितलं. आमच्याकडे हलकं काम मागायचा हक्क असतो, मिळायचा नसतो. छोट्या ऑफिसात बसून करायचं काम असतंच कितीसं?

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर आता तरी आपण बोलू. नाही बोललो. एकदा सगळ्यांसमोर आरडाओरडा झाला, त्याचीच सगळ्यांना इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा हवापाण्याच्या गप्पा. फक्त माझ्या बीटवरच्या अवघड पायऱ्यांवर रोज सकाळी जाडं मीठ पसरलेलं दिसायला लागलं. मी काही विचारलं नाही. आर्नेच्या हातमोज्यांना पांढरे डाग असायचे. स्वतःचा खुबा सांभाळत तो उजाडायच्या आधी टेकडी चढून येत होता, आणि मी त्याला साधं 'येऊ नकोस' म्हणू शकत नव्हते. येऊ नकोस म्हटलं तर तू येतोस हे मला ठाऊक आहे असं झालं असतं. केवढा हा मूर्खपणा! पण आम्ही तसेच आहोत.

फेब्रुवारीत मी पडले. पायऱ्यांवर नाही, पायऱ्यांवर मीठ होतं. सालोबाईंच्या सपाट अंगणात पडले, जिथे पडायचं काही कारण नव्हतं. पट्टा तुटला, चवडा वळला, आणि पिशवीतलं टपाल बर्फावर पसरलं. उठायचा प्रयत्न केला, तर कमरेखाली कुणी आपलं नव्हतंच. तो अर्धा आंधळा कुत्रा आला. मला हुंगलं, शेजारी बसला आणि भुंकत राहिला, सालोबाई बाहेर येईपर्यंत. त्या येईस्तोवर मी हाताला लागतील तेवढी पत्रं गोळा करत होते, कुणाचं वीजबिल, कुणाचं बियाण्यांचं पुस्तक. ती ओली होऊ नयेत एवढाच विचार होता डोक्यात.

हाड मोडलं नव्हतं. पण आता कागदोपत्री सगळं उघड झालं, आणि तपासणी लागली. भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढून दाखवायच्या. खोट्या पायऱ्या होत्या, लाकडाच्या, एका खोलीत, वर काहीच नव्हतं. ना दार, ना पेटी. तिसऱ्या पायरीवर मी थांबले. तपासणारी मुलगी म्हणाली, "घाई नाही, मॅडम." मी तिला म्हटलं, "बाई, मला ना घाई आहे, ना उशीर झालाय. मला हे येत नाही आता." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही एका अनोळखी पोरीपुढे.

एप्रिलात मला निरोप दिला. आजारपणाची पेन्शन मिळाली. पूर्ण पेन्शनीहून कितीतरी कमी, पण मिळाली. रूथनं निसू आणली होती. डगनं भाषण केलं, ते असं: "मर्ना. बरं मग." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गॉर्डन गाडी चालवत होता आणि मी खिडकीतून टेकडीकडे बघत होते. कुणाचे दिवे लागले, कुणाचे नाही लागले, हे लांबूनही मला कळत होतं.

मग माझं तीन नंबरचं बीट फळ्यावर लागलं. टेकडी कुणाला हवी असणार? एकटीला हवी होती. शेल्बीनं चिठ्ठी टाकली आणि तिला ती मिळाली.

आणि सात नंबर रिकामं झालं.

हे सांगायला आर्ने स्वतः आला. अंगणातून खुबा ओढत आला, स्वयंपाकघरात बसला, कॉफी घेतली, दुसरी घेतली. टोपी हातात फिरवत होता. शेवटी म्हणाला, "थोरले, मी तुला एक विचारायला आलोय. तोंडानं विचारायला."

"विचार."

"सात नंबरची चिठ्ठी टाकू का मी?"

मला हसू आलं. "टाक," मी म्हटलं. "टाक रे बाबा. आणि मला खरंच वाटतंय की तू टाकावीस. कळलं? खरंच. मी गप्प राहून काहीतरी वेगळंच म्हणतेय असं नाही."

"नक्की?"

"गॉर्डन, सांग याला."

गॉर्डन दारातूनच म्हणाला, "टाक." ते त्या दिवशीचं त्याचं पहिलं वाक्य असावं.

आर्ने उठला नाही. त्यानं टोपी टेबलावर ठेवली आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडला. त्याला रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. "तू गेलीस तेव्हा कुठे ती जागा सुटली," तो म्हणाला. "आधी सुटली होती तेव्हा आम्ही सगळे सभ्यपणा करत बसलो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? मलाही तेच वाटत होतं, रोज वाटतं. मी त्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं होतं. चुलीपर्यंत चार पावलं होती, आणि त्या वेळी ती चार पावलं मला चालता येत होती.

आता आर्ने गाडीतून येतो. उशी आहे, रेडिओ आहे. माझी पेटी रस्त्यालगत, खांबावर, हात बाहेर काढला की पोचेल इतकी जवळ. पण तो पेटीत टाकत नाही. गाडी थांबवतो, उतरतो आणि टपाल हातात घेऊन अंगण ओलांडून येतो. त्या बीटवर उतरायचं नसतं, त्याच्या खुब्याला तर मुळीच नाही. मी शंभरदा सांगून बघितलं. मग तो ओट्याच्या तीन पायऱ्या एकेक करून चढतो, आणि मी बहिरी असल्यासारखा मोठ्यानं विचारतो, "थोरले, आज पाय कसा आहे?"

आणि मी सांगते. बरा आहे म्हणत नाही. डावाही जड झालाय, बोटांना सकाळी चमचा धरवला नाही, रात्री घाबरले, सगळं सांगते. मग त्याला विचारते, आणि तो त्याच्या खुब्याचं सांगतो. पुढच्या घरांचं टपाल रोज उशिरा पोचतं, लोक कुरकुरतात.

त्याची गाडी वळणावर दिसली की मी उठायला लागते. तो पायऱ्यांशी पोचेपर्यंत दाराशी पोचायचं असतं. अजून पोचते.